काडेपेटीचा सम्राट आणि अंबरनाथचे छाप

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी एकेक वस्ती मागे टाकत जाते. यांपैकी अंबरनाथला उतरून विम्को नाका विचारला, तर वाट दाखवणारा कुणीही भेटतो. मात्र हे नाव कशावरून पडले, असे विचारल्यास नव्या पिढीतील अनेकांना थोडे थांबावे लागते. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी या लांबलचक नावाचे विम्को हे संक्षिप्त रूप. ज्या आगपेट्यांनी महाराष्ट्रातील लक्षावधी चुली, समया आणि विड्या पेटवल्या, त्या आगपेट्यांचा कारखाना येथे होता. तो उभा राहिला तेव्हा शेजारचे उल्हासनगर नकाशावरही नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला ते नाव मिळाले. अंबरनाथची ओळख तोवर शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराची होती. त्या ओळखीला कारखान्याच्या भोंग्याची जोड देणारा माणूस हजारो मैलांवर स्टॉकहोममध्ये बसला होता. त्याचे नाव इव्हार क्रूगर. साऱ्या जगाने त्याला काडेपेटीचा सम्राट म्हणून डोक्यावर घेतले आणि पुढे शतकातील सर्वांत मोठा ठकसेन म्हणून त्याच्यावर बोटही ठेवले.

क्रूगरची आठवण आज अर्थशास्त्राच्या अभ्यासकांखेरीज आणखी एका जमातीने जपली आहे. ती जमात म्हणजे काडेपेटीचे छाप गोळा करणारे छांदिष्ट. १९१४ मध्ये अमेरिकेत क्रॅकर जॅक या गोड लाह्यांच्या पाकिटातून बेसबॉलपटूंची चित्रे फुकट मिळू लागली आणि तेथील मुलांना ती जमवण्याचे वेड लागले. इंग्लंडमधील मुले वडिलांच्या सिगारेटच्या पाकिटातून क्रिकेटपटूंची चित्रे काढून घेत. आपल्याकडच्या मुलांच्या नशिबी अशी खास छापलेली भेट क्वचितच आली. त्यांनी रिकाम्या काडेपेटीवरचे चित्रच सोलून घेतले. जहाज, घोड्याचे तोंड, झुंजणारा चित्ता, देवदेवता, पुढारी, फळे, पक्षी, जे जे मिळेल ते. या चित्रांचे डाव लागत, अदलाबदल होई आणि हरलेला मुलगा रडत घरी जाई. चुलीपाशी बसलेल्या आईच्या मागे पेटी लवकर संपवण्याचा लकडा लावणारी मुलेही त्या काळी काही कमी नव्हती.

इव्हार क्रूगरचा जन्म २ मार्च १८८० रोजी स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यावरील कालमार या गावी झाला. घराणे काडेपेट्यांच्या धंद्यातलेच. आजोबांनी सुरू केलेल्या व्यवसायात वडील अर्न्स्ट ऑगस्ट यांनी भर घातली होती. स्वीडन हा तर या धंद्याचा मायदेश. पांढऱ्या फॉस्फरसच्या जुन्या काड्या कुठेही घासल्या तरी पेटत. पण त्या बनवणाऱ्या कामगारांचे जबडे सडत. १८४४ मध्ये गुस्ताफ एरिक पाश या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने विषारी फॉस्फरस काडीवरून काढून टाकला आणि त्याऐवजी निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला लावण्याची युक्ती शोधली. योंशोपिंग येथील लुंडस्ट्रॉम बंधूंनी तिचे कारखान्यात रूपांतर केले. हीच आपली आजची सुरक्षित काडेपेटी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानच्या बाजारात येणाऱ्या काड्या बहुतांशी स्वीडनच्या असत आणि पुढे त्यांना जपानी काड्यांनी टक्कर दिली.

मुलाला मात्र वडिलांच्या धंद्यात फारसा रस नव्हता. स्टॉकहोमच्या राजकीय तंत्रविद्यालयातून ऐन विशीत अभियंता होऊन तो बाहेर पडला आणि अमेरिकेला गेला. तेथे त्याने हाताला मिळेल ते काम केले. मेक्सिकोत व्हेराक्रूझजवळ पूल बांधणीच्या कामावर असताना पीतज्वराच्या साथीने त्याच्या सोबत्यांपैकी बहुतेकांचा बळी घेतला. क्रूगर स्वतः आजारी पडूनही वाचला. पुढे न्यूयॉर्कमध्ये गगनचुंबी इमारती उभारणाऱ्या फुलर कंपनीत त्याने काम केले. काही काळ दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गलाही काढला. या भटकंतीत त्याच्या हाती एक मोलाची गोष्ट लागली. ती म्हणजे लोखंडी सळ्या घालून काँक्रीट ओतण्याचे तंत्र. युरोपच्या उत्तरेकडे ते तेव्हा नवे होते.

१९०८ मध्ये मायदेशी परतल्यावर त्याने पॉल टोल या अभियंत्याबरोबर क्रूगर अँड टोल ही बांधकाम कंपनी काढली. या कंपनीची कीर्ती झाली ती वेळेच्या हमीमुळे. ठरलेल्या तारखेला काम पुरे झाले नाही तर उशिराबद्दल कंपनी दंड भरेल आणि लवकर झाले तर ग्राहकाने जादा रक्कम द्यावी, अशी अट तो घाली. त्या काळच्या कंत्राटदारांना हा वेडेपणा वाटला. पण ग्राहकांना तो भावला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकचे क्रीडांगण आणि त्या शहराच्या प्रसिद्ध नगरभवनाचा पाया ही या कंपनीची कामे. शब्द पाळणारा माणूस अशी त्याची ख्याती पसरली. पुढे जे घडले ते पाहता ही ख्याती त्याच्या भांडवलातील सर्वांत मोठा भाग होती असे म्हणावे लागते.

घरच्या काडेपेटी कारखान्यांची घडी विस्कटू लागली, तेव्हा तो त्या धंद्याकडे वळला. १९१३ मध्ये त्याने लहान लहान कारखाने एकत्र आणले. पहिल्या महायुद्धात रसायनांची टंचाई झाली. क्रूगरने कच्चा माल आणि यंत्रे बनवणारे कारखाने आधीच ताब्यात घेऊन प्रतिस्पर्ध्यांची कोंडी केली. १९१७ मध्ये योंशोपिंगची बलाढ्य कंपनीही त्याच्या छत्राखाली आली आणि स्वीडिश मॅच ही विराट संस्था जन्माला आली. वयाच्या सदतिसाव्या वर्षी स्वीडनमधील जवळजवळ प्रत्येक काडी त्याच्या मालकीची झाली होती.

आता त्याची दृष्टी जगाकडे वळली. काडेपेटी ही वस्तू क्षुल्लक खरी, पण ती प्रत्येकाला रोज लागते. श्रीमंताला लागते, गरिबाला लागते, आणि तिची किंमत थोडी वाढली तरी कोणी विस्तव पेटवायचा थांबत नाही. युद्धाने कंगाल झालेल्या युरोपातील सरकारांना पैसा हवा होता. क्रूगर त्यांना स्वस्त व्याजाने कर्ज देई आणि मोबदल्यात त्या देशातील काडेपेटीच्या धंद्याची मक्तेदारी मागून घेई. १९२५ मध्ये पोलंड, १९२७ मध्ये फ्रान्सला साडेसात कोटी डॉलर, १९२९ मध्ये जर्मनीला साडेबारा कोटी डॉलर. शिवाय ग्रीस, हंगेरी, युगोस्लाव्हिया, रुमानिया, एस्टोनिया, लाटव्हिया, एक्वादोर, पेरू. सावकार आणि दुकानदार या दोन्ही भूमिका एकाच माणसाने राष्ट्रांच्या पातळीवर वठवल्याचे असे उदाहरण विरळाच.

हिंदुस्थानात मात्र हा डाव चालण्यासारखा नव्हता, कारण येथले सरकार इंग्रजांचे होते आणि त्याला क्रूगरच्या कर्जाची गरज नव्हती. उलट १९२२ मध्ये सरकारने आपल्याच तिजोरीसाठी आयात काडेपेट्यांवर एका ग्रोसमागे, म्हणजे १४४ पेट्यांमागे, दीड रुपया जकात बसवली. मालाच्या किमतीइतकीच जकात झाल्यावर स्वीडनहून पेट्या आणणे परवडेनासे झाले. क्रूगरने निराळा मार्ग काढला. माल जकातीच्या भिंतीपलीकडून आणण्याऐवजी कारखानाच भिंतीच्या आत नेला. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली आणि अंबरनाथला कारखाना उभा राहिला. मुंबई बंदर जवळ, लोहमार्ग दाराशी, वालधुनी नदीचे पाणी आणि जमीन मुबलक. काड्यांसाठी मऊ लाकूड लागते. आपल्या जंगलातील सावर त्या कामी येते. पुढे बरेली, कलकत्ता, मद्रास आणि आसामातील धुब्री येथेही कंपनीचे कारखाने झाले.

याच जकातीने आणखी एका कथेला जन्म दिला. तमिळनाडूतील कोरडवाहू शिवकाशी गावातील अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे १९२२ मध्ये काडेपेटी बनवण्याची विद्या शिकण्यासाठी कलकत्त्याला गेले आणि परतल्यावर त्यांनी गावात हा उद्योग सुरू केला. एका बाजूला अंबरनाथचे यंत्रयुग आणि दुसऱ्या बाजूला शिवकाशीचे हातकाम, अशी दीर्घकाळ चाललेली लढत या सुमारास जुंपली. परदेशी भांडवलाची ही कंपनी आपल्याला गिळून टाकील, अशी देशी कारखानदारांची तक्रार होती. ती टॅरिफ बोर्डापुढे गेली. बोर्डाचा अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जकात देशी उद्योगाचे संरक्षण म्हणून कायम राहिली. गंमत अशी, की या संरक्षणाचा लाभ देशाच्या हद्दीत कारखाना असलेल्या परदेशी कंपनीलाही झाला. क्रूगरने भिंत चढण्याऐवजी घरातच खोली घेतली होती ना!

या लढतीचे मुख्य शस्त्र होते काडेपेटीवरचा छाप. लिहिता-वाचता न येणारा ग्राहक दुकानदाराकडे कंपनीचे नाव मागत नसे. तो जहाज मागे, घोडा मागे. चित्र हीच हमी. या चित्राची पेटी पावसाळ्यातही पेटते, तिच्या काड्या मोजून पुऱ्या भरतात, एवढा भरवसा त्या इंचभर कागदावर असे. म्हणूनच यशस्वी छापाची नक्कल फार होई. जहाजाच्या शिडांची संख्या बदलून, चित्त्याच्या जागी वाघ बसवून, अक्षरांचे वळण तेच ठेवून फसवे छाप बाजारात येत. आज संग्राहकांना हे नकली छापही मोलाचे वाटतात. काही जण तर अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी चिकटवून त्यांतील फरक दाखवण्यात रंगून जातात.

छाप जमवण्याचे एक शास्त्र आहे. जुन्या पेट्या पातळ लाकडी पट्टीच्या असत आणि त्यांवर कागद चिकटवलेला असे. तो कोमट पाण्यात भिजवून सावकाश सोडवावा लागतो, टिपकागदात दाबून सुकवावा लागतो. घाई केली की रंग उतरतो किंवा कागद फाटतो. पुढे पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या आणि चित्र थेट पुठ्ठ्यावर छापले जाऊ लागले. तेव्हापासून भिजवण्याचे काम संपले, पण त्या कामातील मजाही गेली. छापाचे वय ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. स्वीडनमध्ये बनल्याचा उल्लेख असेल तर तो बहुधा जकातीपूर्वीचा किंवा त्या सुमाराचा. १९३४ मध्ये सरकारने देशात बनणाऱ्या काड्यांवर अबकारी कर बसवला आणि पेटीवर कर भरल्याची पट्टी लावणे आले. पेटी उघडताना ती फाटे, त्यामुळे अखंड पट्टीसह मिळालेली पेटी दुर्मीळ. एकेका पेटीचा लहान छाप आणि बारा पेट्यांच्या पुड्यावरचा मोठा छाप, अशा दोन्ही जाती असतात. मोठा छाप दुकानदाराच्या दाराशी फाडला जाई, म्हणून तो हाती लागणे अवघड. इंग्रजीत या छंदाला फिलुमेनी असे भारदस्त नाव १९४३ मध्ये मिळाले. जपानमधील तेइची योशिझावा यांनी १९२५ पासून जमवलेल्या छापांची संख्या सात लाखांच्या वर गेल्याची नोंद गिनेस बुकात झाली.

इकडे हे इवले कागद घरोघर जात असताना तिकडे क्रूगर निराळ्याच कागदांचा धंदा वाढवत होता. राष्ट्रांना कर्जे देण्यासाठी लागणारा पैसा तो अमेरिकेच्या भांडवल बाजारातून उचली. १९२३ मध्ये त्याने तेथे इंटरनॅशनल मॅच कॉर्पोरेशन काढली आणि ली हिगिन्सन या प्रतिष्ठित पेढीमार्फत तिचे समभाग आणि कर्जरोखे विकले. क्रूगर अँड टोलचा लाभांश वर्षानुवर्षे पंचवीस टक्के किंवा त्याहून अधिक असे. गुंतवणूकदारांची झुंबड उडाली. मालकी वाटली जावी पण हुकूमत आपल्याच हाती राहावी, म्हणून त्याने अत्यल्प मताधिकाराचे समभाग काढले. एका सामान्य समभागाच्या हजाराव्या भागाइतके मत त्यांना असे. आजच्या अनेक बड्या कंपन्या हीच युक्ती वापरतात. तिचे शिल्पकारत्व बऱ्याच अंशी क्रूगरकडे जाते.

पैसा आला तसा विस्तार झाला. एरिक्सन ही दूरध्वनी कंपनी, बोलिडेनची सोन्याची खाण, लाकूड आणि कागदाचे कारखाने, बँका, चित्रपट कंपनी, जमिनी. ग्रेटा गार्बो ही चित्रतारका त्याच्या स्नेहातली. स्टॉकहोम, बर्लिन, पॅरिस आणि न्यूयॉर्क या चारही शहरांत त्याची घरे होती. लग्न मात्र त्याने केले नाही. १९२८ मध्ये स्टॉकहोममध्ये त्याच्या कंपनीचे मुख्यालय पुरे झाले. वास्तुशिल्पी इव्हार टेंगबोम यांनी रचलेल्या आणि अंगणात कार्ल मिलेस यांचे कारंजे असलेल्या या वास्तूला लोक काडेपेटीचा महाल म्हणतात. आतील एका खोलीत क्रूगर एकटाच बसे. त्याच्या मेजावर एक खोटा दूरध्वनी होता आणि पायाने कळ दाबली की तो वाजे. मग समोर बसलेल्या पाहुण्यावर छाप पाडण्यासाठी क्रूगर जगातील थोरामोठ्यांशी बोलल्याचा देखावा करी, असे सांगितले जाते. स्वभावाने तो अबोल, शांत आणि आकड्यांच्या बाबतीत विलक्षण स्मरणशक्तीचा होता. ताळेबंद त्याच्या डोक्यात असे. तो कागदावर कुणालाही पूर्ण पाहायला मिळत नसे, हीच खरी अडचण होती.

लाभांश ज्या नफ्यातून दिला जातो असे लोकांना वाटे, तो नफा प्रत्यक्षात तेवढा नव्हता. जुन्या भागधारकांना नव्या भागधारकांच्या पैशातून लाभांश मिळत होता. शेकडो उपकंपन्यांच्या जाळ्यात एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्यातील शिल्लक बने. जोवर बाजार चढता होता तोवर हे खपले. २८ ऑक्टोबर १९२९ या तारखेच्या टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर क्रूगरचे चित्र झळकले. त्याच दिवशी वॉल स्ट्रीटची पडझड चालू होती. त्याने जर्मनीला कबूल केलेले कर्ज तरीही वेळेवर दिले. बांधकामाच्या दिवसांतली वेळ पाळण्याची सवय त्याने येथेही सोडली नाही, फक्त आता दंड भरायला खिशात काही उरले नव्हते.

यानंतरची त्याची कृती त्याच्या साऱ्या चरित्रात सर्वांत न उलगडणारी आहे. इटलीशी मक्तेदारीची बोलणी फिसकटली होती. तरी क्रूगरने स्टॉकहोममधल्याच एका छापखान्यातून इटालियन सरकारचे रोखे छापून घेतले. प्रत्येकी पाच लाख पौंडांचे असे ४२ रोखे, शिवाय काही वचनचिठ्ठ्या. त्यांवर इटलीच्या अर्थमंत्र्याची आणि दुसऱ्या एका अधिकाऱ्याची सही त्याने स्वतःच्या हाताने केली. आणि ती करताना एकाच माणसाच्या नावाचे स्पेलिंग निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे लिहिले. लाखो आकडे तोंडपाठ असणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हावी, यात घबराट होती की बेफिकिरी, यावर चरित्रकारांचे आजही एकमत नाही. हे कागद तिजोरीत पडून राहिले. ताळेबंदात मात्र त्यांच्या जोरावर मालमत्ता फुगली.

१९३१ मध्ये त्याने एरिक्सनमधील मोठा हिस्सा अमेरिकेच्या आयटीटी कंपनीला विकण्याचा करार केला. खरेदीदाराच्या लेखापरीक्षकांनी हिशेब तपासले, तेव्हा रोख म्हणून दाखवलेली रक्कम प्रत्यक्षात रोख नसल्याचे उघडकीस आले. फेब्रुवारी १९३२ मध्ये व्यवहार मोडला. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेनेही खरी स्थिती मागितली. १२ मार्च १९३२ रोजी पॅरिसमध्ये त्याची बँकवाल्यांशी बैठक ठरली होती. सारे वाट पाहत राहिले. दुपारी त्याच्या घरी माणसे गेली तेव्हा तो पलंगावर मृतावस्थेत होता, छातीत गोळी लागलेली. आदल्याच दिवशी पिस्तूल खरेदी झाले होते. अधिकृत निष्कर्ष आत्महत्येचा. भाऊ टोर्स्टेन मात्र पुढील काळात खुनाचा दावा करीत राहिला. तो दिवस शनिवार होता. न्यूयॉर्कचा बाजार बंद होईपर्यंत बातमी रोखून धरण्यात आली. सोमवारी उघडलेल्या बाजारात क्रूगरचे कागद कोसळले.

त्या कागदांवर स्वीडनमधील आणि अमेरिकेतील अगणित सामान्य कुटुंबांची बचत होती. शिक्षक, विधवा, छोटे दुकानदार यांचे आयुष्यभराचे पैसे बुडाले. क्रूगरकडून पक्षासाठी पैसे घेतल्याचे उघड झाल्याने स्वीडनचे पंतप्रधान कार्ल गुस्ताफ एकमन यांना ऑगस्ट १९३२ मध्ये राजीनामा द्यावा लागला. अमेरिकेत १९३३ आणि १९३४ मध्ये रोखे बाजारावर नियंत्रण आणणारे कायदे झाले. त्यांमागे इतर कारणे होती, तरी क्रूगर प्रकरणाचा धक्का मोठा होता. कंपन्यांचे हिशेब स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून तपासून घेण्याची सक्ती आज सर्वमान्य वाटते. ती तशी वाटावी म्हणून या लोकांनी किंमत मोजली.

अंबरनाथच्या कारखान्याचे काय झाले? तो चालूच राहिला. क्रूगरच्या साम्राज्यात खोटे पुष्कळ होते, पण काडेपेटीचा कारखाना खोटा नव्हता. लाकूड सोलले जात होते, गुल लागत होता, पेट्या भरल्या जात होत्या आणि जहाज छापाची पेटी पूर्वीसारखीच विकली जात होती. स्वीडिश मॅच ही मूळ कंपनीही नव्या व्यवस्थापनाखाली सावरली. अंबरनाथच्या शेजारी पुढे दारूगोळ्याचा कारखाना आला, रसायनांचे कारखाने आले, आणि परिसराचे रूप पालटले. स्वातंत्र्यानंतर लघुउद्योगांना अबकारी करात सवलती मिळाल्या आणि शिवकाशीच्या स्वस्त पेट्यांपुढे यांत्रिक कारखान्यांची दमछाक होऊ लागली. दीर्घकाळ चाललेल्या त्या लढतीत अखेर हातकामाची सरशी झाली, असे म्हणता येईल. विम्कोच्या जहाज आणि होमलाइट्स या पेट्या मात्र घरोघर परिचित राहिल्या. २००५ मध्ये स्वीडिश मॅचने विम्कोतील आपला हिस्सा आयटीसी समूहाला विकला आणि क्रूगरच्या हातून जोडला गेलेला स्वीडनचा धागा तुटला. खुद्द स्वीडिश मॅच २०२२ मध्ये अमेरिकेच्या फिलिप मॉरिस कंपनीच्या ताब्यात गेली.

क्रूगरच्या करारांचे आयुष्य त्याच्याहून कितीतरी मोठे ठरले. १९२९ च्या कर्जाबरोबर जर्मनीत आलेली काडेपेटीची मक्तेदारी जानेवारी १९८३ मध्ये संपली. मधल्या काळात नाझी राजवट आली आणि गेली, देशाचे दोन तुकडे झाले, चलन बदलले. पण पश्चिम जर्मनीतील गृहिणी क्रूगरच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे त्याच्याच अटीवर काड्या विकत घेत होती. योंशोपिंगच्या जुन्या कारखान्यात आता काडेपेटीचे संग्रहालय आहे. हिंदुस्थानच्या बाजारासाठी युरोपात आणि जपानमध्ये छापलेले देवदेवतांचे छाप संग्राहकांच्या वह्यांत मोलाची जागा पटकावून आहेत.

जुन्या कागदांच्या बाजारात क्रूगरचे दोन्ही प्रकारचे कागद विकायला येतात. क्रूगर अँड टोलचे नक्षीदार कर्जरोखे, ज्यांवर कोणे एके काळी माणसांनी घरे गहाण टाकली, ते आता चौकटीत लावण्यासाठी घेतले जातात. बुडीत कंपन्यांचे रोखे जमवणाऱ्यांचा एक वेगळाच पंथ आहे. आणि त्यांच्याच शेजारी, पारदर्शक कप्प्यांच्या वहीत, अंबरनाथच्या पेटीवरून कुणीतरी कोमट पाण्यात सोडवलेला जहाजाचा छाप असतो. त्याच्या एका कोपऱ्यावर बहुधा काडी ओढल्याचा तपकिरी ओरखडा असतो, आणि जाणकार संग्राहक तो पुसत नाहीत.